फुल सस्पेन्शन सायकल घ्यावी का? आणि फ्रेम पारखायची कशी?

खडकवाट (रविवार, रात्री ९:४०)

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लागेल.

मी साताऱ्याचा. वय ४३, वजन ८२, उंची पाच फूट आठ. सहा वर्षं २९ इंची हार्डटेल (मागे शॉक नसलेली) चालवतोय, पुढे १०० मिमी दबणारा फोर्क. आठवड्यातून दोनदा पहाटे, तीन-तीन तास. यवतेश्वरचा घाट डांबरी रस्त्याने चढायचा आणि जुन्या पायवाटेने उतरायचं, हा ठरलेला कार्यक्रम. वाट म्हणजे मुरूम, सुटे धोंडे आणि मधेमधे कातळाच्या पायऱ्या. पूर्वी मजा यायची. हल्ली खाली आलो की कंबर धरून दहा मिनिटं पारावर बसावं लागतं. बायको म्हणाली, "सायकल सोड नाहीतर बदल, पण सकाळी सकाळी कण्हणं बंद कर." यातल्या 'बदल' या शब्दाला मी मंजुरी समजलो.

बजेट दोन लाख. एक रुपया जास्त गेला तर वॉशिंग मशीनचा विषय निघणार. समोर दोन फुल सस्पेन्शन सायकली आहेत, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉक. एक नवी, ॲल्युमिनियमची, पुढे-मागे १३० मिमी. दुसरी पुण्यातल्या एकाची पाच वर्षं वापरलेली, कार्बनची, १६० मिमी, तेवढ्याच पैशात. तिचे फोटो पाहिल्यापासून झोप नाही.

दुसरा प्रश्न फ्रेमचा. दुकानातला पोरगा गिअर किती, ब्रेक कुठले एवढंच सांगतो. फ्रेमबद्दल विचारलं तर "ॲलॉय आहे सर". अहो पण ती बनते कशी, बनवतं कोण, चांगली-वाईट ओळखायची कशी? चार ठिकाणी सांधे असलेली, हलणारी फ्रेम आहे ही. गिअर उद्या बदलता येतील, फ्रेम थोडीच.

पंक्चर_पाटील (रविवार, रात्री ९:५२)

टायरमध्ये हवा किती ठेवता?

उतारवय (रविवार, रात्री १०:३१)

खडकवाट, १६०चं वेड आधी डोक्यातून काढा. फोटोत सगळ्याच चांगल्या दिसतात.

ट्रॅव्हल म्हणजे चाक किती वर-खाली जाऊ शकतं तो आकडा. १०० ते १२० म्हणजे शर्यतीच्या हलक्या सायकली, १२० ते १५० ट्रेल, १५० ते १८० एन्ड्युरो. २००ची डाउनहिल सायकल वर न्यायला टेम्पो लागतो. तुम्ही स्वतः पेडल मारत वर जाणार, तेही डांबरावरून. १६०ची सायकल घेऊन यवतेश्वर चढणं म्हणजे पलंग ओढत नेणं. आपल्या सह्याद्रीतल्या बहुतेक वाटांना १२० ते १४० भरपूर झालं. त्यापुढे वाट कमी पडते, सायकल नाही.

आणि ट्रॅव्हलपेक्षा मापं बघा. सीटच्या नळीचा कोन दहा वर्षांपूर्वी ७३-७४ अंश असायचा, आता ७६-७७ असतो. कोन उभा असला की चढावर तुम्ही पेडलच्या वर बसता, पुढचं चाक उचलत नाही. पुढचा हेड अँगल, म्हणजे हँडलच्या नळीचा कोन, ६५-६६ असला की उतारावर हँडलवरून उलटं पडायची भीती कमी. रीच, म्हणजे पेडलच्या आसापासून हँडलच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर, तुमच्या उंचीला ४५० मिमीच्या आसपास चालून जाईल, पण बसून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सीट खटक्याने खाली जाणारी ड्रॉपर पोस्ट असलीच पाहिजे. ती नसेल तर मागचा शॉक असून नसल्यासारखा.

चढणचोर (सोमवार, सकाळी ६:१५)

मी उलटं सांगतो. घेऊ नका.

१९७६च्या सुमाराला कॅलिफोर्नियात माउंट टॅमच्या परिसरात पोरं जुन्या जाडजूड सायकली घेऊन उतारावर शर्यती लावायची. ना सस्पेन्शन, ना डिस्क ब्रेक. मागचा पेडल ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली आलं की हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचं, म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला सस्पेन्शन फोर्क आला १९८९ मध्ये. म्हणजे एक तप लोकांनी ताठ फोर्कवर काढलं. ते काय पारावर बसून कण्हत होते?

हार्डटेल वाट निवडायला शिकवते. गुडघे आणि कोपर हेच सस्पेन्शन, आणि त्याला सर्व्हिसिंग लागत नाही.

उतारवय (सोमवार, सकाळी ८:०२)

कण्हत होते म्हणूनच फोर्क निघाला, चढणचोरराव.

आणि ४३व्या वर्षी गुडघ्याला सर्व्हिसिंग लागत नाही हे कुठल्या डॉक्टरने सांगितलं? व्यक्तिगत निरोप करा, मलाही जायचंय.

रानमोगरा (सोमवार, दुपारी १:२०)

माझा अनुभव. मी ठाण्याची, उंची पाच फूट एक. तीन वर्षांपूर्वी सगळ्यांचं ऐकून १५० मिमीची घेतली. उतारावर स्वर्ग! पण दोन गोष्टी कोणी सांगितल्या नव्हत्या.

पहिली गोष्ट, हवेचा शॉक माझ्या वजनाला लावलेलाच नव्हता. दुकानातून आली तशी चालवत होते आणि "फुल सस्पेन्शन काही खास नाही" असं सांगत सुटले होते. मग एका ताईने सॅग दाखवला, म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक किती दबतो ते. शॉकवर एक रबरी रिंग असते, ती सीलला टेकवायची, पूर्ण सामानासकट सायकलवर अलगद बसायचं, अलगद उतरायचं, रिंग किती सरकली ते मोजायचं. मागे शॉकच्या स्ट्रोकच्या, म्हणजे तो जास्तीत जास्त जेवढा दबतो त्याच्या, पंचवीस ते तीस टक्के भरायला हवं. माझा निघाला अकरा टक्के. मी तीन महिने महागडी हार्डटेल चालवली होती.

दुसरी, बेअरिंग. पहिल्या पावसाळ्यानंतर मागून कुर्रकुर्र यायला लागली. खोललं तर दहातली चार गंजलेली, एक हातात घेतलं तर गोळ्या जमिनीवर. कारण मीच. दर राइडनंतर गाड्या धुणाऱ्याकडे चाळीस रुपयांत प्रेशरने धुऊन घ्यायचे. तो फवारा सील ओलांडून आत जातो, ग्रीस धुऊन काढतो आणि पाणी आत ठेवून येतो. आता घरची बादली आणि जुना टूथब्रश.

शॉकच्या एअर कॅनची (हवेच्या डब्याची) सर्व्हिस साधारण ५० तासांनी करायला सांगतात. खडकवाटदादा, तुमचे आठवड्याला सहा तास. हिशोब करा, दोन महिने. यासाठी माणूस साताऱ्यात आहे का, ते आधी बघा.

वामकुक्षी (सोमवार, दुपारी ३:४५)

५० तासांनी सर्व्हिस? माझ्या सायकलीची पहिली सर्व्हिस मुलाच्या लग्नात येईल. मुलगा तिसरीत आहे.

आर्गन_अण्णा (सोमवार, रात्री १०:५०)

भोसरीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे, बावीस वर्षं. सायकल मी चालवत नाही, मुलगा चालवतो, त्याच्यामुळे इथे आलो. फ्रेमबद्दल तेवढं बोलतो, बाकी तुमचं चालू द्या.

दोन वर्षांपूर्वी मुलाचा मित्र फ्रेम घेऊन आला. ॲल्युमिनियमची, मागे शॉक. खालच्या दांडीवर, सांध्याच्या शेजारी, केसाएवढी काळी रेघ. पुसून जाईना. रंग खरवडून डाय पेनिट्रंट (भेग दाखवणारं रंगीत द्रव) मारलं तर भेग अर्ध्या नळीला वळसा घालून गेलेली. म्हटलं, आर्गन मारून देतो. नीट व्ही काढला, टंगस्टन नवीन, एसीवर, ४०४३ची तार. वेल्ड असा बसला की मीच त्याचा फोटो काढला. तीन महिन्यांनी पोरगा परत आला, हात प्लॅस्टरमध्ये. वेल्ड जसाच्या तसा होता. फ्रेम त्याच्यापासून बोटभर अंतरावर तुटली होती. जोड टिकला आणि शेजार गेला.

चूक माझीच. ॲल्युमिनियमच्या बऱ्याच फ्रेमा ६०६१च्या असतात, थोडं मॅग्नेशियम, थोडं सिलिकॉन. या धातूची ताकद भट्टीतून येते. टी-६ अवस्थेत, म्हणजे भट्टीतून काढून मुरवल्यावर, ताण सहन करायची ताकद ३१० मेगापास्कलच्या घरात, तोच पूर्ण नरम केला तर १२४. वेल्ड मारला की आजूबाजूचा पट्टा तापतो आणि भट्टीत कमावलेलं जातं. म्हणून कारखान्यात आधी सगळं वेल्डिंग उरकतात, मग आख्खी फ्रेम ५३० अंशांच्या आसपास तापवतात, लगेच पाण्यात बुडवतात, आणि मग १७५च्या आसपास आठेक तास ठेवतात. ५८०च्या पुढे गेलं की धातू वितळायला लागतो, म्हणजे चुकायला जागा पन्नास अंशांची.

लोकांना वाटतं हे लोहार विळ्याला पाणी देतो तसंच. तसं नाही. विळा पाण्यात गेला की तिथेच कडक होतो. ॲल्युमिनियम पाण्यातून बाहेर येतं ते नरमच, मग सावकाश मुरतं आणि मुरता मुरता कडक होतं. लोणच्यासारखं.

तुटलेली फ्रेम परत अशी भट्टीत घालणं आमच्यासारख्यांचं काम नाही. वाकते, बेअरिंगची घरं लंबगोल होतात. त्या दिवसापासून मी सायकलची ॲल्युमिनियम फ्रेम शेडमध्ये घेत नाही. स्टीलची आणा, आनंदाने करून देतो.

तेव्हा जुनी घेणार असाल तर वेल्डच्या कडेने बोट फिरवा, बॅटरी तिरपी धरा. आणि एखाद्याच ठिकाणी रंग ताजा दिसला तर विचारा, का?

तिरपा_कोन (सोमवार, रात्री ११:२०)

अण्णा, दंडवत. 'जोड टिकला आणि शेजार गेला' हे आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर लावतो.

एक शंका. ७००५ लिहिलेल्या फ्रेमाही पाहिल्यात. त्यांनाही हीच भट्टी?

आर्गन_अण्णा (मंगळवार, सकाळी ७:१०)

नाही, त्यात जस्त असतं. वेल्डनंतर पुन्हा ५३० पर्यंत न्यायची गरज नाही, नुसतं मुरवलं तरी भागतं. म्हणून कारखान्याला सोपं पडतं. वाईट धातू नाही.

पंक्चर_पाटील (मंगळवार, सकाळी ९:३०)

हवा?

मशीनवाला (मंगळवार, रात्री ८:१५)

अण्णांनी 'मुरतं' म्हटलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

कंपनीसाठी सीएनसी मशीनच्या ट्रायलला ताइचुंगला जाणं होतं. तैवानात मशीन टूलचं आणि सायकलचं माहेर एकच, ताइचुंग आणि आसपास. जायंट तिथली, मेरिडा शेजारच्या चांगह्वाची, दोन्ही १९७२च्या. आमच्या यजमानाचा मेहुणा एका फ्रेम कारखान्यात होता. मी सायकलवाला आहे कळल्यावर रविवारी घेऊन गेला. नाव सांगत नाही, मोबाइल गेटवर ठेवून घेतला होता.

सुरुवातीला साध्या गोल नळ्या. टोकांना जाड, मध्ये पातळ, बाहेरून कळत नाही. मग हायड्रोफॉर्मिंग. नळी साच्यात ठेवतात, दोन्ही तोंडं बंद करतात, आत प्रचंड दाबाने तेल सोडतात. नळी आतून फुगून साच्याच्या अंगाला चिकटते. आपल्या सायकलींच्या नळ्यांना जे बाक आणि चपटेपणा असतो तो असा येतो. मग टोकं माशाच्या तोंडासारखी कापून एकमेकांवर बसवायची, जिगमध्ये टाके मारायचे आणि वेल्डिंग. वेल्डर बाईंनी डोकं वर केलं नाही. मी दहा मिनिटं उभा होतो.

सगळ्यात आवडला तो पुढचा माणूस. पाण्यातून निघालेल्या फ्रेमा वाकड्या झालेल्या असतात आणि पुढचे काही तास नरम असतात. तेवढ्यात सरळ करायच्या. साठीचे गृहस्थ. फ्रेम सरफेस प्लेटवर, डायल गेज लावलेला. नळीत दांडा घालायचे, अंगाचा भार टाकायचे, सोडायचे, काट्याकडे बघायचे. पुन्हा एक झटका. पुढची. मी यजमानामार्फत विचारलं, किती जोर लावायचा हे कसं कळतं? ते म्हणाले, फ्रेम सांगते. मग एक फ्रेम माझ्या हातात दिली. मी दांडा दाबला, काटा हललाच नाही. जरा जास्त दाबला, तर पार दुसऱ्या टोकाला गेला. ते हसले, त्यांनी दोन झटक्यांत माझं पाप निस्तरलं.

सरळ झाल्यावर ओव्हन. आणि ओव्हननंतरच सांध्यांच्या बेअरिंगची घरं मशीनवर फिनिश करायची, दोन्ही बाजूंची एकाच सेटिंगमध्ये. खडकवाट, फुल सस्पेन्शनची फ्रेम पारखायची असेल तर तुमचं उत्तर इथे आहे. डावं आणि उजवं घर एका रेषेत नसेल तर बेअरिंग कितीही भारी घाला, सहा महिन्यांत खातं. ग्राहक म्हणून बघायचं कसं? शॉकचा बोल्ट काढायचा, मागचं चाक काढायचं आणि मागचा सांगाडा हाताने वर-खाली करायचा. लोण्यात सुरी फिरल्यासारखा हलला पाहिजे. मधे अडला किंवा एका बाजूला ओढ घेतली तर दुसरी बघा.

आणि 'बनवतं कोण' याचं उत्तर. रंगकामाच्या साखळीवर तीन वेगवेगळ्या ब्रँडच्या फ्रेमा एकामागे एक टांगलेल्या होत्या.

घंटी_वाजवा (मंगळवार, रात्री ८:४०)

मस्त लिहिलंय. यावर वेगळा लेख येऊ द्या.

हे आपल्याकडे का नाही बनत? लुधियानाची हिरो १९८६ मध्ये जगात सर्वाधिक सायकली बनवणारी म्हणून गिनीजमध्ये गेली होती ना?

मशीनवाला (मंगळवार, रात्री ९:०५)

गेली होती. पण ते स्टीलचं आणि दुधवाल्याच्या, पोस्टमनच्या सायकलचं साम्राज्य. फुल सस्पेन्शन आपल्याकडे खपतात किती? एका मापाच्या साच्यांचाच खर्च निघायचा नाही.

वामकुक्षी (मंगळवार, रात्री ९:३०)

असं कसं, आपल्याकडे केव्हापासून आहेत! सातवीत मला 'डबल शॉकप'वाली मिळाली होती. पिवळीधमक. मागची स्प्रिंग लाल. वजन माझ्यापेक्षा जास्त. पेडल मारलं की निम्मी ताकद स्प्रिंग दाबण्यात जायची, शाळेत पोचेपर्यंत मी घोड्यावरून आल्यासारखा हलत असायचो. पण गल्लीत काय रुबाब होता! स्प्रिंगमध्ये बोट अडकून नख गेलं, ते अजून तिरकं आहे.

उतारवय (मंगळवार, रात्री ९:५५)

वामकुक्षी, तुमच्या त्या पिवळ्या घोडीत एकच सांधा होता आणि स्प्रिंगला उसळी आवरणारं तेलच नव्हतं. दाबली की तेवढ्याच जोराने परत. म्हणून घोडा.

एका सांध्याच्या चांगल्या सायकलीही असतात, सोप्या आणि बेअरिंग कमी. पण त्यात चाक एका वर्तुळाच्या कमानीतच फिरू शकतं आणि ब्रेक दाबला की मागचं सस्पेन्शन आखडतं. त्यावर होर्स्ट लाइटनर या गृहस्थांनी उपाय काढला, की एक सांधा मागच्या आसाच्या जरा पुढे, खालच्या दांडीवर आणायचा. चार दांड्यांची चौकट तयार होते, ब्रेक आणि सस्पेन्शन एकमेकांच्या फार वाटेला जात नाहीत. हाच 'होर्स्ट लिंक'. १९९८ मध्ये स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीने त्याचं पेटंट विकत घेतलं, २०१३च्या सुमाराला मुदत संपली. तोवर अमेरिकेत विकायचं तर बाकीच्यांना पैसे मोजा नाहीतर वळसा घ्या. कितीतरी डिझाइनं या वळशातून जन्माला आली. आज मध्यम किमतीच्या बऱ्याच सायकलींत होर्स्ट लिंक दिसते.

चढणचोर (बुधवार, सकाळी ६:२०)

थोडक्यात, आधी मागचं चाक सुटं करायचं आणि मग ते हलू नये म्हणून पेटंटं काढायची. हलके घ्या.

उतारवय (बुधवार, सकाळी ८:१०)

घेतलं.

काळी_साखळी (बुधवार, दुपारी १२:४०)

कार्बनवर कोणीच बोलत नाहीये. माझं मत: जुनी कार्बन अजिबात नको. ॲल्युमिनियम भेग दाखवतं, कार्बन आतल्या आत जातो. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या खालच्या नळीला दगड लागला, वरून टिकली एवढा पांढरा डाग. पुढच्या महिन्यात तिथे अंगठा दाबला तर आत गेला.

मशीनवाला (बुधवार, रात्री ८:३०)

निम्मं पटलं.

कार्बनचा विभाग त्याच कारखान्यात पाहिला. राळ लावलेल्या कापडाचे रोल उणे अठरा अंशांच्या फ्रीझरमध्ये. बाहेर काढलं की घड्याळ चालू. मशीन त्याचे शेकडो तुकडे कापतं, प्रत्येकाला नंबर, आणि कुठला तुकडा कुठल्या कोनात लावायचा याची जाडजूड वही. लावतात हाताने. त्या टेबलांवर बहुतेक बायका, बोटं विणकाम केल्यासारखी चालतात. आत फुगा, बाहेर लोखंडी साचा, दीडशे अंशांच्या आसपास ताप. फुगा आतून दाबतो, थर एकमेकांत बसतात. साच्यातून निघाल्यावर घासकाम आणि लुकण, त्यातच सगळ्यात जास्त माणसं गुंतलेली. एखादा तुकडा सुरकुतला तर बाहेरून दिसत नाही, हे काळी_साखळी म्हणतात ते बरोबर.

पण गंमत अशी की तुटलेला कार्बन जाणकाराकडे दुरुस्त होतो. खराब भाग घासून काढायचा, थर चढवायचे, राळ घट्ट करायची, ५३० अंशांची भट्टी लागत नाही. ॲल्युमिनियमचं काय होतं ते अण्णांनी सांगितलंच.

काळी_साखळी (बुधवार, रात्री ८:५०)

जाणकार साताऱ्यात?

मशीनवाला (बुधवार, रात्री ८:५२)

तिथे हात टेकले.

रानमोगरा (बुधवार, रात्री ९:१५)

नाण्याने टकटक करून बघतात ना कार्बन? आवाज बद्द आला की आत गेलेलं असतं म्हणे.

मशीनवाला (बुधवार, रात्री ९:४०)

बद्द आला तर घेऊ नका. खणखणीत आला म्हणून चांगली, असं मात्र नाही. सांध्यांजवळ थर जाड असतात, तिथे आवाज तसाही बदलतो. क्रँकच्या खाली आणि खालच्या नळीच्या पोटाला नीट बघा, दगड तिथेच लागतात.

धुकं_आणि_डोंगर (गुरुवार, पहाटे ३:२०)

स्कॉटलंडहून. इथे फोर्ट विल्यमला वर्ल्ड कप डाउनहिलची वाट आहे, गंडोलाने (रोपवेच्या पाळण्याने) वर जाता येतं, म्हणून लोक मोठ्या ट्रॅव्हलच्या सायकली घेतात. परवडतं, कारण चढायचंच नसतं. खडकवाट, तुमच्या घाटात गंडोला लागेपर्यंत उतारवय म्हणतात तेच ऐका.

अवांतर: इथे २००३च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर सायकल न्यायचा हक्क आहे, जबाबदारीने वागायच्या अटीवर. पुण्यात वेताळ टेकडीवर फिरायला येणाऱ्या आजोबांनी माझ्या चाकात काठी घालायची धमकी दिली होती. आजही भारतात आलो की तिथे उतरून ढकलत जातो.

रानमोगरा (गुरुवार, सकाळी ७:३०)

त्या आजोबांची बाजूही घ्या हो. अरुंद पायवाट, समोरून कुत्रं, मागून चाळीसच्या वेगाने सायकल. घंटी नाही. आणि कासच्या सड्यावर कोणी चाक घालू नका. फुलं त्या जांभ्यावरच्या चार बोटं मातीत येतात.

पंक्चर_पाटील (गुरुवार, सकाळी ९:३०)

खडकवाट, तिसऱ्यांदा विचारतोय. हवा किती?

खडकवाट (गुरुवार, रात्री १०:१०)

पाटील, माफ करा. मुद्दाम टाळलं नाही, माहीतच नव्हतं. पेट्रोल पंपावरचा मुलगा भरतो. आज गेज आणून मोजली. मागे ५२, पुढे ५०.

पंक्चर_पाटील (गुरुवार, रात्री १०:१२)

अरे देवा.

मागे ३०, पुढे २७. ट्यूब असेपर्यंत त्याखाली नको, रिम दगडाला लागून पंक्चर होईल. चार राइड करा, मग दोन लाखांचं बोलू.

चढणचोर (गुरुवार, रात्री १०:१५)

पाटलांना माझ्यातर्फे मिसळ.

खडकवाट (तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ९:००)

धागा वर काढतोय.

पाटलांचं ऐकलं. पहिल्याच दिवशी खाली आलो आणि पारावर न बसता पारापुढे गेलो, सवयीने ब्रेक मारला तेव्हा लक्षात आलं. कंबरेचं दुखणं निम्म्यावर. निम्मं मात्र आहेच, कातळाच्या पायऱ्यांवर अजून मणक्यात टाचण्या टोचतात. म्हणजे मंजुरी अबाधित.

पुण्याची १६० बघून आलो. अण्णांचा मुलगा सोबत आला, त्याचे उपकार. नाणं वाजवलं, पोट बघितलं, फ्रेम चांगली निघाली. पण मी ती घेऊन बावधनच्या चढाला लागलो आणि पलंग ओढणं म्हणजे काय ते कळलं. वर पोचेपर्यंत निर्णय झाला होता. मालक बिचारा खाली चहा सांगून बसलेला.

शेवटी तिरपा_कोन यांच्या ओळखीने १३० मिमीची, तीन वर्षांची, ॲल्युमिनियमची मिळाली, एक लाख वीसला. मालकाच्या पार्किंगमध्येच शॉकचा बोल्ट काढून मागचा सांगाडा हलवला. मशीनवाल्यांचं लोणी काही आलं नाही, मधे खरखर. पण घरं सरळ होती, दोष बेअरिंगचा. वेल्डच्या कडेने बॅटरी लावून अर्धा तास बोट फिरवत बसलो. मालकाच्या आईने विचारलं, "हे डॉक्टर आहेत का?" खरखरीचे पाच हजार कमी झाले.

मागचा सांधा घरी खोलला. चार बेअरिंगं ६९०२ची निघाली, १५ बाय २८ बाय ७. वर 'मॅक्स' लिहिलेलं. इथल्या एमआयडीसीत साधी मिळतात, मॅक्स नाहीत. फरक काय?

मशीनवाला (शनिवार, रात्री ९:४०)

अभिनंदन! साध्या बेअरिंगमध्ये गोळ्यांना अंतरावर ठेवणारा पिंजरा असतो, कारण ते गरगर फिरायला बनलेलं. सायकलीचा सांधा फिरत नाही, थोडेच अंश मागेपुढे होतो आणि मार खातो. म्हणून मॅक्समध्ये पिंजरा काढून जास्त गोळ्या भरतात. साधी चालतील, लवकर जातील. दोन्ही बाजूंना रबरी सीलवाली घ्या. आणि बसवताना हातोडी नाही, लांब बोल्ट आणि दोन वॉशर घालून दाबत आणा, बाहेरच्या कड्यावरच जोर.

खडकवाट (रविवार, सायंकाळी ६:३०)

साधी बसवली. एक तिरकं जात होतं, काढून पुन्हा घातलं. आता सुरी फिरते. यवतेश्वर अजून उतरलो नाही, सकाळपासून पाऊस आहे. मशीन बुधवारी येतंय. कपड्यांचं.

पंक्चर_पाटील (रविवार, सायंकाळी ६:४१)

टायरचं विचारत नाही. शॉकमध्ये किती?

खडकवाट (रविवार, सायंकाळी ६:५५)

१८५. स्ट्रोक ५० मिमी, रिंग १५वर थांबते.

पंक्चर_पाटील (रविवार, सायंकाळी ६:५६)

ठीक.